शह, चेक, धनादेश आणि चौकड्याचा शर्ट

उंटतिरपा

बुद्धिबळाच्या वर्गांत हल्ली ‘शह’ फारसा ऐकू येत नाही. मुलं सरळ ‘चेक’ म्हणतात. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत तोंडाने काही म्हणायची सक्ती नाही, पण मित्रामित्रांच्या डावात कुणी ना कुणी म्हणतंच. यावर मध्यंतरी इथल्याच एका धाग्यात हळहळ व्यक्त झाली होती की आपला शब्द गेला आणि इंग्रजांचा आला. तिथे विषयांतर नको म्हणून गप्प राहिलो, आता सविस्तर लिहितो.

शह आणि चेक हे दोन शब्द नाहीतच. एकच शब्द आहे, दोन वाटांनी आपल्यापर्यंत पोचलेला.

चतुरंग हा खेळ इथून इराणात गेला, तिथे त्याचं ‘चतरंग’ झालं आणि अरबांकडे ‘शतरंज’. राजाच्या सोंगटीला फारसीत ‘शाह’. त्या सोंगटीवर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायला म्हणायचं, ‘शाह!’ म्हणजे बाबा रे, राजा सांभाळ. हीच हाक मराठीत ‘शह’ झाली. अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला तेव्हा शेवटचा ‘ह’ तिथल्या जिभांना जमेना. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं ‘स्काकस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’ राहिला. ‘चेस’ हे नावही त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन. म्हणजे इंग्रज ‘चेस’ म्हणतो तेव्हा अक्षरशः ‘राजे’ म्हणत असतो.

पुढचा प्रवास मला जास्त आवडतो. राजाला शह बसला की बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. आधी राजा वाचवा, मग काय ते. या थांबण्यावरून इंग्रजीत चेक म्हणजे अचानक अडवणं, रोखणं. रोखण्यावरून ताब्यात ठेवणं. ताब्यात ठेवायचं तर हिशोब ताडून बघावा लागतो, म्हणून पडताळणं. आज आपण ‘जरा चेक कर ना’ म्हणतो तो अर्थ या साखळीत बराच उशिरा, सतराव्या शतकात आला. बँकेचा चेक, शर्टावरचे चेक्स, हॉटेलातलं चेक-इन, सगळे याच घरातले.

इंग्रजीत एकसारखे दिसणारे पण मुळात परके असे शब्द ढिगाने आहेत. उडणारी ‘बॅट’ आणि खेळायची ‘बॅट’ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. चेकचं उलटं आहे. अर्थ इतके लांब लांब गेलेत की संबंध असेल असं वाटत नाही, आणि मूळ मात्र एक.

तुमच्या तुमच्या कामात चेक कुठे कुठे भेटतो ते लिहा. विशेषतः बँकवाल्यांनी.

पासबुक

हाक ऐकली. बँकेत नोकरी झाली, त्यामुळे या शब्दावर माझा जीव आहे.

शह आणि धनादेश यांच्यामध्ये एक टेबल आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या महसुलाचा हिशोब जिथे व्हायचा त्या कचेरीचं नाव ‘एक्सचेकर’. शब्दशः अर्थ बुद्धिबळाचा पट. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस कचेरीच्या कामकाजावर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यात त्या टेबलाचं मापासकट वर्णन आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वरच्या चकत्या घरंगळू नयेत. त्यावर दरवर्षी ईस्टरला विकत घेतलेलं काळं कापड अंथरायचं, त्यावर रेषा आखलेल्या. एकेक रकाना म्हणजे पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार. रकान्यांत चकत्या सरकवत बेरीज-वजाबाकी करायची. शून्याशिवाय, रोमन आकड्यांत कागदावर हिशोब करून बघा म्हणजे या कापडाची किंमत कळेल.

फिट्झनील नावाचं कारणही देतो. पटासारखं दिसतं हे एक. दुसरं असं, की पटावर जशी दोन राजांत लढाई होते तशी इथे खजिनदार आणि हिशोब द्यायला आलेला शेरीफ यांच्यात होते. बाकीचे सगळे पंच म्हणून बसलेले. (शेरीफ म्हणजे तेव्हाचा जिल्ह्याचा वसुली अधिकारी. मुंबईचं मानाचं शेरीफपद त्याच नावाचं.)

पावती लाकडाची असायची. काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या फुगलेल्या दाण्याएवढी. पेनीला नुसता चरा. मग काठी उभी चिरून एक भाग पैसे देणाऱ्याला, दुसरा कचेरीला. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवायचे. लाकडाच्या शिरा खोट्या करता येत नाहीत.

या काठ्यांचा शेवटही सांगतो. पद्धत बंद झाल्यावर साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या. धुराडी इतकी तापली की वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे पार्लमेंट, बहुतेक सगळा जळाला. आज दिसते ती इमारत त्यानंतरची.

आता चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे पैसे द्यायचा कागद नव्हता. तो होता मागे उरणारा अर्धा भाग, ज्याच्याशी मूळ कागद ताडून खोटेपणा पकडायचा. आपण ज्याला काउंटरफॉइल किंवा स्थळप्रत म्हणतो तो. कागदाला कागदाने दिलेला शह. नंतर नाव अख्ख्या कागदालाच चिकटलं. स्पेलिंगमधला ‘क्यू’ एक्सचेकरच्या प्रभावाने आला. अमेरिकेच्या स्पेलिंगमध्ये तो नाही, आपण ठेवला. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये तो तसाच आहे, आणि त्यातल्या कलम १३८ ची धास्ती कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. चेक न वटल्यास शिक्षा, हे कलम मूळ कायद्यात नव्हतं. १९८८ च्या दुरुस्तीने घातलं, १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं.

‘कंट्रोल’ शब्दाचा जन्मही असाच आहे. मूळ फ्रेंच अर्थ ताडून बघायला ठेवलेली नोंदींची दुसरी गुंडाळी, प्रति-गुंडाळी. नियंत्रण ही कल्पनाच दुसऱ्या प्रतीतून निघालेली दिसते.

रानवारा

पासबुक, प्रतिसाद संग्रही ठेवला. जवाचा दाणा विसरणार नाही.

खडूफळा

लेख आवडला, पण एक शंका. अर्थ इतके पसरलेले असताना ‘सगळं एकाच मुळातून’ म्हणणं हा ओढूनताणून लावलेला संबंध नाही ना? शर्टाचे चेक्स आणि अडवणं यांत मला काही दुवा दिसत नाही.

उंटतिरपा

खडूफळा, शंका रास्त आहे. थेट दुवा नाहीच. अडवणं आणि चेक्स ही एकमेकांची मुलं नाहीत, भावंडं आहेत. एक फांदी खेळातल्या चालीवरून निघाली: शह, अडवणं, पडताळणं. दुसरी फांदी पटाच्या दिसण्यावरून: पट, चौकडा, चौकड्याचं कापड. आणि पासबुक यांनी सांगितलेला एक्सचेकर दुसऱ्या फांदीवरचा असूनही त्याने पहिल्या फांदीवरच्या धनादेशाचं स्पेलिंग बदललं.

इतर भाषांत पाहिलंत तर खात्री पटेल. पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेझ’ म्हणजे बुद्धिबळ आणि चौकड्याचं कापडही. तो ‘शतरंज’वरून आला, शाहवरून नव्हे, तरी खेळाच्या पटावरून कापडाला नाव देण्याची रीत तीच. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे शह, आणि रोजच्या भाषेत अपयश.

ताणाबाणा

इचलकरंजीहून. आमच्या धंद्यात चेक्सला चेक्सच म्हणतात, गिऱ्हाईक ‘चौकडा’ म्हणतं. लोकांना वाटतं चौकटी छापलेल्या असतात. छापील असतात, पण खरे चेक्स विणलेले. ताण्यात, म्हणजे उभ्या सुतात, रंगीत पट्टे भरायचे आणि बाण्यातही, म्हणजे आडव्या सुतात, त्याच अंतराने रंग बदलायचा. नुसत्या ताण्यात रंग असेल तर पट्टेरी कापड होतं.

ताण्यातला रंग सोपा, बीम म्हणजे ताण्याचा रूळ भरतानाच लागतो. बाण्यातला अवघड, कारण साध्या मागावर बाण्याचं सूत नेणारा धोटा एकच आणि त्यात रंगही एकच. त्यासाठी ड्रॉप बॉक्सचा माग लागतो. त्यात रंगागणिक वेगळा धोटा असतो आणि पेटी वरखाली होऊन ज्याची पाळी तो पुढे येतो. मोजणीत एक बाणा चुकला की चौकोन चपटा दिसतो, आणि शर्ट शिवताना खिशाची रेघ छातीच्या रेघेशी जुळत नाही. चांगला शिंपी खिसा लावताना चेक्स जुळवतो. दुकानात शर्ट घेताना आधी खिसा बघा, शिलाईची सगळी लायकी तिथे कळते.

पासबुकसाहेब, ते काळं कापड आमच्या हिशोबाने साधं काम. पण दरवर्षी नवं घ्यायचे म्हणजे चकत्या घासून घासून रेषा उडत असणार.

नालाबंडिंग

मृद व जलसंधारणात काम करतो. ‘चेक डॅम’ हा शब्द सरकारी कागदांपासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे आहे. नवीन लागलेली पोरं विचारतात, साहेब, हा चेक करायचा डॅम म्हणजे काय चेक करतो? तेव्हा मी सांगतो की इथे चेक म्हणजे तपासणं नाही, रोखणं आहे. म्हणजे उंटतिरपा यांनी सांगितलेला जुना अर्थ, जो बोलीतून जवळजवळ गेला तो ओढ्यानाल्यात टिकून आहे.

आणि हा अर्थ कामाला अगदी चपखल बसतो. चेक डॅमने पाणी कायमचं अडवायचं नसतं. त्याचा वेग मोडायचा असतो. डोंगरावरून सुटलेल्या पाण्याला माती ओढून नेण्याची ताकद वेगाने येते. वेग कमी झाला की गाळ मागे बसतो, पाणी थोडं रेंगाळतं, जमिनीत मुरतं, उरलेलं सांडव्यावरून पुढे जातं. पुढच्या नाल्यावर पुन्हा एक शह. म्हणून एकच मोठा बंधारा बांधून भागत नाही, माथ्यापासून पायथ्यापर्यंत मालिका लागते. वर दगडांचे सैल बांध, मग गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेले बांध, खाली सिमेंट नाला बांध. माथा सोडून पायथ्याशीच बांधलं तर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतं. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण उद्घाटनाचा फोटो पायथ्याच्या सिमेंट बांधावर चांगला येतो आणि माथ्यावरच्या दगडांकडे कुणी फिरकत नाही.

पाइपलाइनमधला चेक व्हॉल्व्हही याच अर्थाचा. पाणी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. साइटवर त्याला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणतात.

खडूफळा

नागरिकशास्त्र शिकवताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ला ‘नियंत्रण व संतुलन’ म्हणतो. नालाबंडिंग यांचा वेग मोडण्याचा मुद्दा तिथेही लागू आहे. न्यायालयाने संसदेला थांबवायचं म्हणजे संसद बंद पाडायची असं नव्हे. हे उदाहरण वर्गात वापरणार.

व्ल्तावाकाठी

प्रागमध्ये असते. इथल्या मराठी मंडळींत ‘चेक करून सांगते’वर विनोद ठरलेले आहेत, पण चेक देशाचं नाव या घराण्यातलं नाही. ते ‘चेख’ या लोकनावावरून. दंतकथा अशी की चेख नावाचा मूळपुरुष आपली माणसं घेऊन रझीप नावाच्या डोंगरावर चढला आणि समोरचा मुलूख बघून इथेच राहायचं ठरवलं. इंग्रजीतलं ‘सीझेड’ने सुरू होणारं विचित्र स्पेलिंग पोलिश वळणाचं आहे. इथले लोक स्वतः ‘सी’वर छोटं टोपीसारखं चिन्ह देतात. मराठी वर्तमानपत्रांत झेक आणि चेक दोन्ही चालतं, उच्चाराला ‘चेक’ जवळचं.

बुद्धिबळाला इथे ‘शाखी’ म्हणतात. तो मात्र तुमचा शाहच.

वर्धेवरून

आमच्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी, त्यामुळे एक गंमत रोज दिसते. मराठीत ‘त्याने विरोधकांना शह दिला’ म्हणजे त्यांची कोंडी केली. हिंदीत ‘उसने शह दी’ म्हणजे फूस दिली, पाठबळ दिलं. ‘किसकी शह पर कर रहा है’ म्हणजे कुणाच्या जोरावर करतोय. अगदी उलट! हिंदी बातमीचं घाईत मराठी होतं तेव्हा ‘पोलिसांनी गुंडांना शह दिला’ असं छापून येतं आणि मूळ आरोप पार फिरतो. भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द दिसला की थांबावं.

आणि काटशह हा शब्द मला फार आवडतो. शह देणाऱ्यालाच शह. इंग्रजीत यासाठी क्रॉस-चेक आहे, पण तो पटाबाहेर गेला की लगेच हिशोब तपासायला बसतो. आपला काटशह राजकारणात राहिला.

रानवारा

मग शहाजी, शाहू, शहाणा, शहर, गुजराती शाह आडनाव, हे सगळे याच राजाचे का?

भूर्जपत्र

रानवारा, तुमची यादी फार चांगली आहे, कारण त्यात तीन वेगवेगळी मुळं आहेत.

शहाणा यातला नाही. तो ‘सज्ञान’वरून, हिंदीतला सयाना त्याचा भाऊ.

गुजराती शाह आडनावही फारसी राजाचं नव्हे. ते साधु, साहु, शाह असं आलं. साधु म्हणजे सचोटीचा, त्यावरून पत असलेला व्यापारी. मराठीतला ‘साव’ तोच, सावकारातलाही तोच. जुन्या व्यवहारात ‘शाहजोग हुंडी’ असे, म्हणजे पत असलेल्या माणसालाच वटवून मिळणारी हुंडी. चेकच्या धाग्यात हे नोंदवायला हवं: पाश्चात्त्य धनादेशात फारसी शाह बसलाय आणि आपल्या हुंडीत साधु, आणि दोघांचा उच्चार एक. शाहू नावाबद्दल आख्यायिका आहे की औरंगजेबाने शिवाजीराजांच्या नातवाला ‘साव’ म्हटलं. ती खरी धरली तर शाहू साधुवरून आणि शहाजी मात्र शाहवरून, म्हणजे पणजोबा आणि पणतू दोन निराळ्या मुळांचे.

शहर हा शाहचा सख्खा नातलग. प्राचीन इराणी भाषांत ‘ख्शय्’ म्हणजे सत्ता असणं. त्यावरून राजा तो पुढे शाह, आणि ‘ख्शथ्र’ म्हणजे राज्य, ते पुढे फारसीत शहर. संस्कृतमध्ये हाच धातू ‘क्षि’, आणि ‘ख्शथ्र’चं जुळं भावंड ‘क्षत्र’. क्षत्रियातलं. म्हणजे शाह आणि क्षत्रिय एका कुळातले.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हे शब्दकुल महाराष्ट्रात शाहबरोबर पहिल्यांदा आलं नाही. इराणी साम्राज्यात प्रांताधिपतीला राज्याचा रक्षक या अर्थाने जी पदवी होती ती इथे ‘क्षत्रप’ झाली, ग्रीकांकडे ‘सत्राप’. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या नाण्यांचा तेरा हजारांवर मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. मग दख्खनच्या सुलतानांबरोबर शाह, शह आणि शहर आले. मग इंग्रजांबरोबर चेक. एकच धातू तीनदा आला, प्रत्येक वेळी वेगळ्या सत्तेचं बोट धरून. ‘आपला’ शह जाऊन ‘परका’ चेक आला ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही.

सीमोल्लंघन

न्यू जर्सीहून भर. इथे हॉटेलात जेवण झालं की बिल मागत नाहीत, चेक मागतात. कोट ठेवायला देतात त्याचा बिल्ला कोट चेक. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर पुढच्या सामन्याला चालणारं तिकीट ते रेनचेक, आणि आता ‘आज जमत नाही, पुन्हा कधीतरी’ याला रेनचेक घेणं म्हणतात. सगळ्यांत मुद्दा तोच, तुमच्याकडे एक तुकडा आणि त्यांच्याकडे एक. पासबुक यांच्या चिरलेल्या काठीचे वंशज.

खडूफळा

‘मात’बद्दल कुणी लिहिलं नाही. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. म्हणून शाह मात, राजा मेला. बरोबर?

उंटतिरपा

ही समजूत खूप पसरलेली आहे, पण फारसी ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळून थांबलेला, असा अर्थ जास्त पटतो. शब्दाआधी खेळच बघा. पटावर राजा कधीच मारला जात नाही. त्याला जागा उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. बाकी सगळ्या सोंगट्या मरतात, राजा अडकतो. मराठीने हा अर्थ नीट धरला आहे. ‘संकटावर मात केली’ म्हणताना आपण संकटाला ठार करत नाही, निष्प्रभ करतो. रशियनांनी तर दोन्ही शब्द जोडून खेळालाच ‘शाखमाती’ नाव दिलं.

पासबुक

भूर्जपत्र, उषवदाताच्या त्या लेखांपैकी एकात ठेवींचा उल्लेख आहे असं वाचल्याचं आठवतं. बँकवाल्याला उत्सुकता आहे.

भूर्जपत्र

आहे. वर्ष ४२ चा लेख. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रं, दुसरीच्या व्याजातून इतर किरकोळ गरजा. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि नोंदवला, असंही कोरलं आहे. लेख व्हरांड्यात आहेत. सकाळी गेलात तर अक्षरं चांगली दिसतात.

ताणाबाणा

विणकरांची श्रेणी ठेवी घेत होती हे आमच्या सूत व्यापारी संघाच्या पुढच्या बैठकीत सांगतो. लेखाचा नीट फोटो कुणाकडे असेल तर इथे डकवा.